‘मॉरिस’ची सत्तावन्न वर्षे : ई. एम. फॉर्स्टर यांचे अप्रकट लेखन

विख्यात इंग्रजी कादंबरीकार एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर यांचे ७ जून १९७० रोजी इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे वयाच्या ९१व्या वर्षी निधन झाले. त्यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली होती. त्यानंतरच्या ४६ वर्षांत त्यांचे निबंध, चरित्रे, आठवणी आणि रेडिओवरील भाषणे वाचकांसमोर येत राहिली. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या एका संगीतिकेचे सहलेखनही त्यांनी केले. नवी कादंबरी मात्र आली नाही. कीर्तीच्या शिखरावर असताना या लेखकाने कादंबरीकडे पाठ का फिरवली, याविषयी समीक्षक नाना तर्क करीत राहिले.

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर फॉर्स्टर यांच्या निधनानंतरच्या वर्षी मिळाले. १९७१ साली ‘मॉरिस’ ही त्यांची कादंबरी प्रकाशित झाली. ती वार्धक्यात लिहिलेली नव्हती. १९१३-१४ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच, ती पूर्ण झाली होती आणि ५७ वर्षे अप्रकाशित राहिली होती. दोन पुरुषांमधील प्रेम हा तिचा विषय आहे आणि त्या प्रेमाचा शेवट सुखाचा होतो. कादंबरी एवढी वर्षे का थांबली, हे समजण्यासाठी यातील दुसरी बाब पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

कायद्याची छाया

फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडन येथे झाला. दुसऱ्याच वर्षी वडील वारले आणि आई व इतर नातलग स्त्रियांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. वडिलांची मावशी मॅरिअन थॉर्नटन यांनी त्यांच्या नावे ८,००० पौंड ठेवले होते. या ठेवीमुळे केंब्रिज विद्यापीठाच्या किंग्ज कॉलेजातील त्यांचे शिक्षण सुलभ झाले आणि पुढे पोटासाठी नोकरी करण्याची निकड राहिली नाही. प्रकाशित करता येणार नाही असे लेखन वर्षानुवर्षे करीत राहणे त्यांना परवडले, त्यामागे ही ठेव होती, हे विसरून चालणार नाही.

ते सहा वर्षांचे असताना, १८८५ साली, ब्रिटिश संसदेने फौजदारी कायद्यात केलेल्या दुरुस्तीने दोन पुरुषांमधील कोणतेही ‘अश्लील’ वर्तन गुन्हा ठरवले. ते खाजगीत आणि परस्परांच्या संमतीने घडले असले तरी दोन वर्षांपर्यंतच्या सश्रम कारावासाची तरतूद होती. १८९५ साली याच कलमाखाली नाटककार ऑस्कर वाइल्ड यांना शिक्षा झाली, तेव्हा फॉर्स्टर १६ वर्षांचे शाळकरी विद्यार्थी होते. वाइल्ड यांच्यावरील खटल्यात त्यांचे साहित्यही पुराव्यासारखे वाचून दाखवण्यात आले होते. आपण काय लिहितो याचा जाब न्यायालयात द्यावा लागू शकतो, हा धडा त्या पिढीच्या लेखकांना त्यातून मिळाला. भारतात इंग्रजी अमलाखाली १८६० सालीच दंड संहितेचे कलम ३७७ तयार झालेले होते.

१९०५ ते १९१० या काळात फॉर्स्टर यांच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. ‘हॉवर्ड्स एंड’ या चौथ्या कादंबरीने त्यांना मोठी कीर्ती मिळवून दिली आणि नेमक्या याच वळणावर त्यांचे लेखन अडखळले. स्त्री-पुरुषांचे प्रेम हा एकच विषय आपल्याला हाताळता येतो आणि हाताळण्याची मुभाही आहे, पण त्याचाच आता वीट आला आहे, अशा आशयाची नोंद १९११ सालच्या त्यांच्या रोजनिशीत आढळते. प्रेमविवाहाच्या कथा लिहून नावारूपाला आलेल्या लेखकाची ही कबुली होती.

मिल्थॉर्प येथील भेट

ही कोंडी सप्टेंबर १९१३ मध्ये फुटली. डर्बीशायरमधील मिल्थॉर्प या खेड्यात एडवर्ड कार्पेंटर हे समाजवादी विचारवंत राहत असत. भारत आणि श्रीलंकेच्या प्रवासावर त्यांनी १८९२ साली लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात आपल्या घारापुरीचा उल्लेख आहे. कार्पेंटर यांचे सहचर जॉर्ज मेरिल हे कामगार वस्तीत वाढलेले गृहस्थ होते. उच्चशिक्षित विचारवंत आणि कामगारवर्गातील पुरुष असे हे दोघे एका घरात उघडपणे संसार करीत होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट जवळजवळ अशक्य कोटीतील होती.

फॉर्स्टर यांनी या घराला भेट दिली असता मेरिल यांनी सहज त्यांच्या पाठीवर, कमरेच्या खाली, हात ठेवला. त्या स्पर्शासरशी संपूर्ण कादंबरी आपल्या मनात उभी राहिली, असे फॉर्स्टर यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांची आई तेव्हा हॅरोगेट येथे उपचारांसाठी राहिली होती. तेथे परतताच त्यांनी लेखनाला प्रारंभ केला. ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीला मात्र, आरंभापासून पूर्ततेपर्यंत, ११ वर्षे लागली.

कादंबरीचा नायक मॉरिस हॉल हा लंडनच्या उपनगरातील एका सुस्थित कुटुंबातील तरुण आहे. तो विशेष बुद्धिमान नाही, कलावंत नाही, बंडखोरही नाही. लेखकाने स्वतःपेक्षा वेगळा, चारचौघांसारखा नायक हेतुपूर्वक निवडला. केंब्रिजमध्ये मॉरिसचा क्लाइव्ह डरहॅम या जमीनदार घराण्यातील तरुणाशी स्नेह जुळतो. प्राचीन ग्रीक विचारांनी भारावलेल्या क्लाइव्हला हे प्रेम केवळ मानसिक पातळीवर हवे असते. काही वर्षांनी तो ग्रीसचा प्रवास करतो, त्याचे मन पालटते आणि तो एका मुलीशी विवाह करतो.

मॉरिस एकटा पडतो. आपल्याला रोग जडला आहे या समजुतीने तो कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जातो आणि ते त्याला झिडकारतात. नंतर तो संमोहनतज्ज्ञाचे उपचार घेतो. ते निष्फळ ठरतात, तेव्हा तो तज्ज्ञ त्याला, असे वर्तन जेथे गुन्हा नाही अशा फ्रान्स किंवा इटलीसारख्या देशात जाऊन राहण्याचा सल्ला देतो. वैद्यकाचे उपाय संपले की स्थलांतराचा सल्ला मिळतो, हा तपशील आजच्या वाचकालाही अनोळखी वाटणार नाही.

क्लाइव्हच्या जहागिरीत अ‍ॅलेक स्कडर हा शिकारीच्या रानाची राखण करणारा तरुण नोकरीला असतो. एका रात्री तो शिडी लावून खिडकीतून मॉरिसच्या खोलीत येतो. त्यानंतरचा भाग प्रेमाइतकाच भयाचा आहे. अ‍ॅलेक आपल्याला धमकावून पैसे उकळील, अशी धास्ती मॉरिसला वाटते. हा धनिक आपल्याला वापरून सोडून देईल, असा संशय अ‍ॅलेकला येतो. अ‍ॅलेकचे अर्जेंटिनाला जाणाऱ्या जहाजाचे तिकीट निघालेले असते, परंतु तो जहाजावर चढत नाही. घर, नोकरी आणि प्रतिष्ठा यांवर पाणी सोडून दोघे एकत्र राहण्यासाठी निघून जातात.

सुखान्ताचा आग्रह

हा शेवट लेखकाने विचारपूर्वक ठरवला होता. सुखान्त नसेल तर कादंबरी लिहिण्याचे प्रयोजनच नाही, अशी त्यांची धारणा होती. काल्पनिक जगात तरी दोन पुरुष प्रेमात पडावेत आणि एकत्र राहावेत, हे त्यांना लिहायचे होते. कादंबरीची अर्पणपत्रिका त्यांनी ‘अधिक सुखाच्या वर्षाला’ केली.

१९६० सालच्या सप्टेंबरमध्ये जोडलेल्या टिपेत फॉर्स्टर यांनी या आग्रहाची किंमतही नमूद केली आहे. नायकाने गळफास घेतला असता किंवा दोघांनी एकत्र जीव दिला असता, तर कादंबरी छापणे सोपे गेले असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दुःखद शेवटात अपराध्याला शासन झाल्याचे समाधान वाचकाला मिळते. हे प्रेमी मात्र सहीसलामत सुटतात आणि त्यामुळे पुस्तक गुन्ह्याची शिफारस करणारे ठरते. समलिंगी प्रेमाच्या कथा मृत्यूने, वेडाने किंवा पश्चात्तापाने संपवण्याची प्रथा पुढेही अनेक दशके चालू राहिली. तिच्यामागील व्यवहार इतक्या स्पष्टपणे फार थोड्या लेखकांनी मांडला असेल.

छापता न येणारी ही कादंबरी टंकलिखित प्रतींच्या रूपाने विश्वासू मित्रांच्या हातून फिरत राहिली. लेखकाच्या वाट्याला आलेले वाचक एवढेच. त्यांत एडवर्ड कार्पेंटर, लिटन स्ट्रेची, कवी सीगफ्रीड ससून आणि पुढच्या पिढीतील क्रिस्टोफर इशरवुड यांचा समावेश होता. मॉरिस आणि अ‍ॅलेक यांचे जमणे टिकाऊ नाही, असे मत स्ट्रेची यांनी १९१५ साली कळवले. १९३३ साली इशरवुड यांना प्रत वाचायला देताना फॉर्स्टर यांनी, ही आता जुनाट वाटते का, अशी शंका विचारली. जुनी वाटली म्हणून काय बिघडले, असे उत्तर त्या तरुण लेखकाने दिले.

मित्रांच्या सूचना लक्षात घेऊन कादंबरीत वेळोवेळी फेरबदल झाले. अ‍ॅलेकचे पात्र पुढील खर्ड्यांत अधिक भरीव करण्यात आले. मूळ खर्ड्यात एक उपसंहार होता. काही वर्षांनी मॉरिसच्या बहिणीला रानात दोन लाकूडतोडे भेटतात आणि त्यांतील एक तिचा भाऊ असतो, असे त्याचे कथानक होते. वाचकांना तो रुचला नाही, म्हणून फॉर्स्टर यांनी तो गाळला. पन्नास वर्षे एकाच हस्तलिखितावर काम करीत राहिलेला, पण एकही परीक्षण न वाचलेला लेखक, असे या कादंबरीपुरते त्यांचे वर्णन करता येईल.

अलेक्झांड्रिया आणि देवास

‘मॉरिस’ लिहिली तेव्हा फॉर्स्टर यांना या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव जवळजवळ नव्हता, ही बाब अनेकांना आश्चर्याची वाटेल. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद हे त्यांचे पहिले मोठे प्रेम. १९०६ पासून फॉर्स्टर त्यांना लॅटिन शिकवीत असत. मसूद यांच्याकडून प्रेमाला तसा प्रतिसाद मिळाला नाही, परंतु मैत्री अखेरपर्यंत टिकली. ‘अ पॅसेज टू इंडिया’ त्यांनाच अर्पण केलेली आहे. महायुद्धाच्या काळात रेड क्रॉसच्या कामासाठी फॉर्स्टर इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे होते. तेथे मोहम्मद अल-अद्ल या ट्राम कंडक्टरशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले. मॉरिस आणि अ‍ॅलेक यांच्या कथेतील वर्गभेद आता त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात आला होता, आणि त्यात वंशभेद व साम्राज्य यांचीही भर पडली होती.

१९२१ साली ते माळव्यातील देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून काही महिने राहिले. मराठी रसिकांना देवास ओळखीचे आहे ते कुमार गंधर्वांमुळे. फॉर्स्टर यांच्या वेळी ते एक छोटे मराठा संस्थान होते. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांची कन्या या तुकोजीरावांना दिलेली होती. येथील गोकुळाष्टमीचा उत्सव फॉर्स्टर यांनी जवळून पाहिला आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागात त्याला स्थान दिले. त्यातील प्राध्यापक गोडबोले उत्सवात तुकारामांच्या नावाने भजन गातात, याकडे मराठी वाचकांचे लक्ष जाईलच.

देवासच्या आठवणी ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने १९५३ साली प्रसिद्ध झाल्या. त्या पुस्तकात एक प्रकरण नव्हते. राजवाड्यातील कनया नावाच्या न्हाव्याशी फॉर्स्टर यांचा शरीरसंबंध होता. याचा बोभाटा दरबारात झाला आणि महाराजांनाही ते ठाऊक होते. त्यांनी सचिवाचा धिक्कार केला नाही. या प्रसंगाचे टिपण फॉर्स्टर यांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवले आणि ते १९८३ साली उजेडात आले. ते वाचणे सुखावह नाही. त्या संबंधात आपल्या वागण्यात क्रौर्य आले, असे लेखकाने स्वतःच नोंदवले आहे. ‘मॉरिस’मधील दोघे शेवटी बरोबरीच्या नात्याने उभे राहतात. देवासमध्ये एक जण महाराजांचा गोरा सचिव होता आणि दुसरा वाड्यावरचा चाकर. कादंबरीत रंगवलेली समता प्रत्यक्षात आणणे तिच्या लेखकालाही जमले नाही. कनयाची बाजू मांडणारा कागद कोणी लिहिलेला नाही.

भारतातून परतल्यावर १९२२ साली मोहम्मद अल-अद्ल यांचे क्षयाने निधन झाले. त्याच वर्षी फॉर्स्टर यांनी आपल्या समलिंगी विषयावरील कथांचे कागद अग्नीच्या स्वाधीन केले. नैतिक पश्चात्ताप हे त्याचे कारण नव्हते. या कथा लिहिण्याच्या नादात मुख्य लेखन अडते, असे त्यांना वाटत होते. ‘अ पॅसेज टू इंडिया’ त्यानंतर पूर्ण झाली. ‘मॉरिस’ मात्र त्यांनी जाळली नाही, आणि कालांतराने तशा कथाही पुन्हा लिहिल्या जाऊ लागल्या. १९२४ नंतर त्यांचे कथालेखन थांबले, हा समज म्हणूनच अर्धा खरा आहे. ते लिहीत होते, वाचक तेवढे बदलले होते.

इतरांच्या पुस्तकांसाठी साक्ष

जाहीर जीवनात फॉर्स्टर लेखनस्वातंत्र्याचे खंदे पुरस्कर्ते होते. १९२८ साली रॅडक्लिफ हॉल यांच्या ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ या स्त्रियांमधील प्रेमावरील कादंबरीवर खटला झाला. त्यांनी आणि व्हर्जिनिया वुल्फ यांनी जाहीर पत्र लिहून निषेध नोंदवला. साहित्यिकांची साक्ष ऐकण्यास न्यायाधीशांनी नकार दिला आणि पुस्तक नष्ट करण्याचा आदेश दिला. ती कादंबरी तर दुःखान्त होती. दुःखान्त कादंबरीची ही गत, मग आपल्या सुखान्त कादंबरीचे काय होईल, याचा अंदाज फॉर्स्टर यांना आलाच असणार.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीच्या पूर्व विभागातून ते भारतीय श्रोत्यांसाठी नियमित पुस्तक परिचय करून देत. या विभागात काही काळ जॉर्ज ऑरवेल हे निर्माते होते. भारतातील सुशिक्षित घरांमध्ये त्यांचा आवाज एका प्रसन्न, समंजस मार्गदर्शकाचा आवाज म्हणून ओळखीचा झाला. १९६० च्या शरद ऋतूत ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या डी. एच. लॉरेन्स यांच्या कादंबरीवरील खटल्यात ८१ वर्षांच्या फॉर्स्टर यांनी बचाव पक्षातर्फे साक्ष दिली आणि प्रकाशक निर्दोष सुटले. उच्चभ्रू व्यक्ती आणि रानाची राखण करणारा नोकर यांचे प्रेम हाच त्याही कादंबरीचा विषय आहे, फक्त तेथे ती व्यक्ती स्त्री आहे. ‘मॉरिस’ला अखेरची टीप जोडून जेमतेम एक-दोन महिने झाले होते.

कायदा बदलल्यानंतर

दोन प्रौढ पुरुषांमधील खाजगी व संमतीचे संबंध गुन्हा मानू नयेत, अशी शिफारस वुल्फेंडेन समितीने १९५७ साली केली. ती इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ साली अमलात आली. फॉर्स्टर त्यानंतर तीन वर्षे जिवंत होते. आई १९४५ सालीच निवर्तली होती. तरीही त्यांनी प्रकाशनाला संमती दिली नाही. बॉब बकिंगहॅम हे निवृत्त पोलीस अधिकारी त्यांचे चाळीस वर्षांचे जिवलग होते आणि ते विवाहित होते. त्यांच्याच घरी फॉर्स्टर यांनी अखेरचा श्वास घेतला. स्वतःखेरीज इतरांच्या खाजगी जीवनाचाही विचार येथे असावा. शिवाय उतारवयात नव्याने वादंग अंगावर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. कादंबरी आता छापता येईल, पण ती त्या योग्यतेची आहे काय, अशी साशंक टिपणी त्यांनी प्रतीवर केली होती.

१९७१ साली पुस्तक आले तेव्हा समीक्षकांत एकमत नव्हते. काहींना ते कालबाह्य वाटले, काहींना शेवट अवास्तव वाटला. शेवटाविषयीच्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. मॉरिस आणि अ‍ॅलेक ज्या रानात निघून जातात, ते रान उरलेलेच नाही, हे लेखकाने १९६० सालीच मान्य केले होते. दोन महायुद्धांनंतर इंग्लंडमध्ये लपायला जागा राहिली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९७२ साली त्यांच्या अप्रकाशित कथांचा ‘द लाइफ टू कम’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील ‘द अदर बोट’ ही कथा त्यांनी ऐंशीच्या घरात असताना पूर्ण केली. भारताकडे निघालेल्या जहाजावरील एक गोरा लष्करी अधिकारी आणि त्याचा मिश्रवंशीय प्रियकर यांची ती कथा आहे. तिचा शेवट खून आणि आत्महत्या यांत होतो. तरुणपणी नाकारलेला शेवट वृद्धपणी त्यांनी का स्वीकारला, यावर अभ्यासकांची चर्चा अद्याप चालू आहे. कलेच्या दृष्टीने ही कथा ‘मॉरिस’पेक्षा सरस आहे, असे मानणारेही बरेच आहेत.

सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत ‘मॉरिस’ पोहोचली ती १९८७ सालच्या चित्रपटामुळे. मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माईल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांनी तो काढला आणि कादंबरीचा सुखान्त कायम ठेवला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. मिल्थॉर्पच्या भेटीला तेव्हा १०५ वर्षे झाली होती.

‘मॉरिस’चे अमेरिकेतील हक्क फॉर्स्टर यांनी इशरवुड यांना दिले होते. तेथील विक्रीचे उत्पन्न इशरवुड यांनी स्वतःकडे ठेवले नाही. त्यातून अमेरिकेतील कला व साहित्य अकादमीच्या वतीने ‘ई. एम. फॉर्स्टर पुरस्कार’ सुरू झाला. अमेरिकेत काही काळ राहता यावे यासाठी तरुण ब्रिटिश आणि आयरिश लेखकांना तो दिला जातो.